हरवलेल्या मेलचं दप्तर

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्याही वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता आणि मी पुण्यात पहिल्या नोकरीवर बसून घरच्यांना फोन लावत होतो. पाणी उतरल्यावर कोल्हापुरात पोहोचलो, तेव्हा शाहूपुरीत रस्त्याच्या कडेला गाद्या, फ्रीज, शाळेच्या वह्या आणि सोफ्यांचे ढीग लागले होते. अशाच एका ढिगापाशी बाबांचे एक मित्र उभे होते. त्यांच्या हातात चिखलानं भरलेला कॉम्प्युटरचा डबा होता.

काकांची उद्यमनगरात लहानशी फाउंड्री होती. हा कॉम्प्युटर कधीकाळी तिथल्या ऑफिसात होता आणि नंतर घरी आणून तळमजल्यावर टेबलाखाली ठेवला होता. ‘‘चालू करून बघू काय रे?’’ त्यांनी विचारलं. कॉलेजात शिकलेली एक गोष्ट त्या दिवशी उपयोगी पडली. मी म्हटलं, ‘‘काका, अजिबात वीज लावू नका.’’ हार्ड डिस्क पूर्ण हवाबंद नसते. तिला हवेचा दाब सांभाळायला बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो. तबकडी फिरायला लागली की तो गाळ तिच्यावरचा डेटा खरवडून काढतो. पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यानं ती डिस्क उघडून साफ केली, जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं आणि जिथं वाचता आलं नाही तिथं शून्यं भरून एक प्रत मला दिली. त्या प्रतीत काकांच्या आउटलुकची फाइल होती. ती उघडत नव्हती. मीही तेव्हा दोन-चार टूल चालवून सोडून दिलं.

2021 मध्ये काकांचा धाकटा भाऊ अमेरिकेत वारला. काही महिन्यांनी काकांचा फोन आला. ‘‘ती फाइल हाय न्हवं तुझ्याकडं? त्याचं जुनं काय असंल तर बघ की रे. त्याच्या पोरीला द्यायचंय.’’

ही फाइल दुरुस्त करताना मला मेलचा इतिहास शिकावा लागला, आणि वाटेत मराठी इतिहासाचाही थोडा.

एका फाइलीत सगळं

1971 मध्ये रे टॉमलिन्सन या इंजिनिअरनं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर संदेश पाठवला आणि पत्त्यात नाव आणि मशीन यांच्या मध्ये ‘@’ हे चिन्ह टाकलं. आलेला संदेश पोचणाऱ्याच्या मेलबॉक्स नावाच्या फाइलीच्या शेपटाला जोडला जायचा. पुढं युनिक्सवर हीच पद्धत रुळली. सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलीत, आणि ‘फ्रॉम’ या शब्दानं सुरू होणारी ओळ आली की नवं पत्र सुरू झालं असं समजायचं. गंमत अशी, की कुणी पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ ‘फ्रॉम’नं सुरू केली तर प्रोग्रॅमला तिथं दुसरं पत्र सुरू झाल्यासारखं वाटे. म्हणून तशा ओळीआधी एक बाणासारखं चिन्ह टाकायची प्रथा पडली. जुन्या मेलमध्ये ते उगाचच आलेले बाण अजून दिसतात.

अशी फाइल बिघडली तरी दुरुस्त करणं सोपं असतं. साधा मजकूर असतो, डोळ्यांनी वाचता येतो. आउटलुकची पीएसटी फाइल तशी नाही. तिच्यात पत्रं तुकडे करून ठेवलेली असतात आणि त्यांचा पत्ता सांगणारी दोन झाडं असतात. एक झाड सांगतं, अमुक क्रमांकाचं पत्र कोणत्या तुकड्यांचं बनलंय. दुसरं सांगतं, तो तुकडा फाइलीत नेमका कुठं पडलाय. शिवाय एक नकाशा असतो. त्यातला एकेक बिट फाइलीच्या 64 बाइटबद्दल सांगतो, जागा भरलेली आहे की मोकळी. फाइलीच्या अगदी सुरुवातीला उद्गारचिन्ह आणि बी-डी-एन ही अक्षरं असतात. ती दिसली की आपण योग्य जागी आलोय हे कळतं. मायक्रोसॉफ्टनं या रचनेचा तपशील 2010 मध्ये जाहीर केला, म्हणून माझ्यासारख्याला ती आज कळू शकते.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. कोणत्या रुमालात काय आहे, याची यादी असेल तर कागद सापडतो. यादी जळाली तरी कागद तिथंच असतात, फक्त एकेक रुमाल सोडून बघावा लागतो. पीएसटीची झाडं म्हणजे ही यादी. काकांच्या फाइलीत पहिलं झाड अर्धं वाळलं होतं आणि दुसऱ्याच्या फांद्या शून्यांत गेल्या होत्या. रुमाल मात्र बरेचसे शाबूत होते.

आउटलुकबरोबर ‘स्कॅन-पीएसटी’ नावाचं छोटं टूल येतं. ते फाइल तपासतं, झाडं पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं आणि ज्या पत्रांचं घर सापडत नाही ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात टाकतं. हे चालवण्याआधी मूळ फाइलीची प्रत काढायची असते, कारण टूल जे निरुपयोगी समजतं ते कायमचं उडवू शकतं. 2019 मध्ये मी ते चालवलं होतं आणि नशिबानं प्रतीवरच चालवलं होतं.

पुसलं म्हणजे काय झालं?

आपण मेल डिलीट करतो, कचरापेटीही रिकामी करतो, तेव्हा या फाइलीत काय होतं? नकाशातले काही बिट ‘भरलेली’वरून ‘मोकळी’वर जातात, झाडातली एक नोंद निघते. मजकूर होता तिथंच राहतो. त्या जागी दुसरं पत्र येऊन बसेपर्यंत, किंवा कुणी फाइल आवळून लहान करेपर्यंत, तो वाचता येतो.

हे जगाला मोठ्या प्रमाणावर कळलं ते 1986 मधल्या एका प्रकरणातून. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत तेव्हा आयबीएमची ‘प्रॉफ्स’ नावाची मेल व्यवस्था होती. इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पोचवल्याचं प्रकरण बाहेर येऊ लागलं, तसे ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपले पाच हजारांहून जास्त संदेश पुसून टाकले. पण कचेरीच्या सिस्टिमची बॅकअप टेप नेमानं निघत होती. चौकशी करणाऱ्यांनी त्या टेपवरून संदेश परत मिळवले. 1989 मध्ये रेगन यांची कारकीर्द संपताना या टेपच पुसायचा बेत होता. त्याविरुद्ध पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि इतर कोर्टात गेले. 1993 मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, की सरकारी मेल हा सरकारी दस्तऐवज आहे आणि त्याची नुसती छापील प्रत ठेवणं पुरेसं नाही. कागदावर मजकूर उतरतो, पण कुणी कुणाला कधी पाठवला, कधी पोचला ही माहिती त्यावर पूर्ण उतरेलच असं नाही.

ती माहिती म्हणजे पत्राचा पाकीट आणि टपालाचे शिक्के. काकांच्या फाइलीत पुढं मला हेच उपयोगी पडणार होतं.

पत्रांवर उभा राहिलेला इतिहास

मराठी माणसाला हरवलेल्या पत्रांचं महत्त्व इंटरनेटच्या फार आधी कळलं होतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दप्तरं गोळा करत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, पानिपतच्या काळातली पत्रं त्यात होती. पुढं असे 22 खंड त्यांनी काढले. नंतर रचलेल्या बखरीपेक्षा त्या दिवशी लिहिलेलं साधं पत्र जास्त भरवशाचं, असा त्यांचा आग्रह. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते याच ओढीतून. 1930 च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातले फक्त निवडक कागद छापले, तरी त्याचे 45 भाग झाले. आमच्या कोल्हापुरात राजर्षी शाहूंचा पत्रव्यवहार शिवाजी विद्यापीठानं खंडांमध्ये छापला, म्हणून आज शाहूंबद्दल बोलताना आपल्याला ऐकीव गोष्टींवर अवलंबून राहावं लागत नाही.

या लोकांपुढं दोन अडचणी होत्या, आणि त्या दोन्ही मला काकांच्या फाइलीत भेटल्या. पहिली, पत्राची जागा ठरवण्याची. अठराव्या शतकातल्या कितीतरी मराठी पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, पण साल नसतं. मग मजकुरात आलेल्या स्वाऱ्या, माणसं, मुक्काम यांवरून साल काढावं लागतं. ‘लॉस्ट अँड फाउंड’मधल्या बेवारस मेलचं तसंच असतं. मात्र प्रत्येक मेलला एक खास ओळखक्रमांक असतो, आणि उत्तरादाखल लिहिलेल्या मेलमध्ये मूळ मेलचा क्रमांक असतो. त्यावरून कोण कुणाचं उत्तर आहे हे जुळवता येतं. काका आणि त्यांचा भाऊ यांची 1999 पासूनची माळ मी अशी जुळवली. बरीचशी पत्रं रोमन लिपीतल्या मराठीत होती. आईची औषधं, फाउंड्रीचं कर्ज, तिकडचा बर्फ, गावच्या जत्रेचे फोटो.

दुसरी अडचण लिपीची. जुना कागद शाबूत असतो, शाई ठळक असते, पण तो मोडीत असतो. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली, आणि घरातले कागद घरातल्याच माणसांना वाचता येईनासे झाले. कॉम्प्युटरवरच्या मराठीचं हेच झालं, फक्त फार लवकर.

चित्रविचित्र अक्षरं आणि प्रश्नचिन्हं

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून. तेव्हा कॉम्प्युटरला देवनागरी सहज कळत नव्हती. आपण फॉन्टची युक्ती वापरायचो. आत रोमन अक्षराचा क्रमांक, पण फॉन्टमध्ये त्या जागी ‘क’चं चित्र. ‘शिवाजी’, ‘किरण’ आणि ‘श्री-लिपी’चे फॉन्ट अशा युक्तीवर चालले. समोरच्याकडं तो फॉन्ट नसेल तर मराठी पत्राच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसायचा. हा काला आजही सोडवता येतो. कोणता फॉन्ट होता हे कळलं की कोणत्या चिन्हामागं कोणतं अक्षर आहे याचा तक्ता करता येतो. मोडीच्या बाराखडीसारखाच.

मग युनिकोड आलं. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’ म्हणजे 2325. विंडोज 2000 पासून मायक्रोसॉफ्टनं ते देवनागरीसाठी आणलं. युनिकोडमधली मराठी चुकीच्या पद्धतीनं उघडली, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग दिसते. तशी रांग दिसली तर आनंद माना. बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकलाय. पण सलग प्रश्नचिन्हं दिसली तर गोष्ट वेगळी असते. प्रोग्रॅमला जे अक्षर ठेवता येत नाही त्याच्या जागी तो स्वतःच प्रश्नचिन्ह लिहून ठेवतो. ‘क’ असो वा ‘ज्ञ’, आत सगळीकडं तेच एक चिन्ह जातं. त्यातून मूळ अक्षर कोणत्याही टूलला परत काढता येत नाही.

आउटलुक 2003 च्या आधीच्या पीएसटी फाइलीत युनिकोड मावत नव्हतं. त्या फाइलीला 2 जीबीची मर्यादाही होती. त्यापलीकडं गेली की ती बिघडायची, आणि मायक्रोसॉफ्टचं त्यावरचं औषध म्हणजे शेपूट कापणारं एक टूल. काकांची फाइल 1999 ची. कास्टिंगची ड्रॉइंग साठत साठत ती मर्यादेजवळ गेली होती.

सात प्रश्नचिन्हं

पुसलेल्या जागा चाळताना मला मार्च 2005 मधला एक मेल सापडला. पाठवणारा काकांचा भाऊ. विषयाच्या जागी सात प्रश्नचिन्हं. मेल न वाचता पुसलेला होता.

काकांना विचारलं तर त्यांना आठवलं नाही, पण त्या दिवसांबद्दल ते म्हणाले, ‘‘व्हायरस लई येत हुते. ओळखीच्या नावानंबी येत हुते. आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं सांगितलेलं, विषय विचित्र दिसला की उघडायचंच न्हाई.’’ तो पोरगा बरोबरच होता. 2004 मधला ‘मायडूम’ हा व्हायरस दुसऱ्यांची नावं लावूनच पसरला होता.

विषय तर प्रश्नचिन्हांत गेला होता. पण पाकीट शिल्लक होतं. मेल ज्या सर्व्हरांवरून येतो त्यांचे शिक्के आणि मूळ शीर्षकं आउटलुक वेगळी साठवून ठेवतं. शीर्षकात रोमन सोडून दुसरी लिपी थेट घालता येत नसल्यामुळं ती आकडे आणि रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात लिहिलेली असते, आणि ते रूप जुन्या फाइलीत सुखरूप मावतं. मी ते सोडवलं. विषय होता ‘आईबद्दल’. आ, ई, ब, द, हलन्त, द, ल. बरोबर सात.

मजकूरही त्याच नशिबानं वाचला होता. त्याच्या वेबमेलनं प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा क्रमांक लिहून पाठवला होता. एका अक्षराला सात-सात चिन्हं लागल्यानं छोटंसं पत्र फुगलं होतं आणि फाइलीत त्याचे तीन तुकडे झाले होते. दोन मिळाले. तिसरा डिस्कच्या न वाचलेल्या भागात, शून्यांमध्ये होता.

काकांची आई एप्रिल 2005 मध्ये गेली. भाऊ आला नव्हता. पुढं फोनवर बोलणं व्हायचं, दिवाळीला, राखीला. पण आईचा विषय दोघांनी कधी काढला नाही. काकांच्या मनात एवढंच बसलं होतं, की आई एवढी आजारी आहे असं कळवूनही त्यानं साधं उत्तर दिलं नाही. पत्रात त्यानं लिहिलं होतं, की ग्रीन कार्डचा अर्ज अडकलाय, आत्ता देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नाही, वकील नको म्हणतोय. तरी दादा, तू म्हणालास तर मी येतो, नोकरीचं पुढं बघू. तू सांग. त्यानंतर एक वाक्य सुरू होतं आणि तिथं दुसरा तुकडा संपतो.

हे काकांना द्यावं की न द्यावं, यावर मी दोन दिवस घालवले. पुतणीला द्यायच्या पेन ड्राइव्हमध्ये तो मेल जाणारच होता. तिनं आधी वाचणं बरोबर नव्हतं. शेवटी मी प्रिंट काढून शाहूपुरीत गेलो. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, ‘‘म्हंजे त्यानं इचारलं हुतं.’’ थोड्या वेळानं, ‘‘आणि वाट बघितली आसंल.’’ काकूंनी चहा आणला, तो तसाच राहिला.

आपल्या मेलचं काय?

तुम्ही म्हणाल, आता सगळं क्लाउडवर आहे, हे आपल्याला कशाला? फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीनं काही लोकांच्या मेलबॉक्स रिकाम्या झाल्या. गुगलच्या म्हणण्यानुसार 0.02 टक्के वापरकर्ते. वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण चूक त्या प्रतींपर्यंतही पोचली होती. वाचवलं ते इंटरनेटला न जोडलेल्या चुंबकीय टेपनी. 1986 मध्ये वाचवलं होतं तसंच.

त्याहून जास्त मेल तर बिघाडाशिवाय गेले. 1996 मध्ये सुरू झालेल्या हॉटमेलमध्ये जागा होती 2 एमबी. जुनं पत्र पुसल्याशिवाय नवं येत नसे. त्या काळात परदेशी गेलेल्या किती मराठी मुलांची घरची पत्रं अशी जागेसाठी पुसली गेली असतील. 2004 मध्ये जीमेलनं 1 जीबी दिलं तेव्हा कुठं पुसायची सवय सुटली. आता नियम वेगळा आहे. दोन वर्षं वापर नसलेलं वैयक्तिक गुगल खातं कंपनी बंद करून त्यातला मजकूर काढून टाकू शकते. 2023 च्या डिसेंबरपासून हे सुरू झालंय. वारलेला माणूस लॉग-इन करत नाही.

यावर उपाय अर्ध्या तासाचा आहे. ‘गुगल टेकआउट’मधून स्वतःचे सगळे मेल उतरवून घेता येतात, आणि ते येतात त्याच जुन्या, एकाखाली एक पत्र असलेल्या साध्या फाइलीत. ती कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येते. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि कोल्हापूरकर असाल तर त्यातली एक पहिल्या मजल्यावर. खात्याच्या सेटिंगमध्ये, आपण दीर्घकाळ आलो नाही तर खातं कुणाच्या हाती द्यायचं, हेही नोंदवता येतं. आई-वडिलांच्या फोनवर हे करायला जमलं तर करून टाका.

काकांच्या पुतणीला मी सगळी माळ तारखेवार लावून दिली. मराठी पत्रांच्या छापील खंडांत कागद फाटलेला असला तर संपादक तसं नोंदवून ठेवतात, मनानं वाक्य पूर्ण करत नाहीत. मार्च 2005 च्या त्या पत्राखाली मीही तेच लिहिलं: पुढचा मजकूर गहाळ.